माया पुरातत्त्व आणि अलीकडचे शोध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्य अमेरिकेतल्या जंगलात 'हरवलेले शहर' सापडल्याची बातमी आता वर्षातून दोन-तीनदा तरी वाचायला मिळते. ती वाचून मनात येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगणे बरे. विमानातून दिसलेला आकार आणि मातीत हात घालून मिळालेला पुरावा यांतला फरक बातम्यांत बहुधा पुसला जातो, आणि पुढील उत्तरांत तो जपण्याचा प्रयत्न केला आहे.

माया संस्कृती नेमकी कुठली आणि कोणत्या काळातली?

आजच्या मेक्सिकोचा आग्नेय भाग म्हणजे युकातान, कांपेचे, किंताना रो, ताबास्को आणि चियापास ही राज्ये, संपूर्ण ग्वाटेमाला व बेलीझ, आणि होन्डुरास व एल साल्वादोर यांचा पश्चिमेकडील भाग हा माया प्रदेश होय. अभ्यासक या इतिहासाचे स्थूलमानाने तीन कालखंड करतात : इ.स.पू. २००० ते इ.स. २५० हा अभिजातपूर्व, इ.स. २५० ते ९०० हा अभिजात आणि त्यानंतर स्पॅनिश आक्रमणापर्यंतचा उत्तर-अभिजात. ही वर्षे सोयीसाठी आखलेली आहेत. अलीकडचे बरेचसे शोध पहिल्या कालखंडातील आहेत, आणि तेथे 'पूर्व' हा शब्द जितके कमीपण सुचवतो तितके प्रत्यक्षात दिसत नाही.

माया साम्राज्य असे काही कधीच नव्हते. परस्परांशी लढणारी, सोयरीक करणारी आणि एकमेकांचे राजे पकडून नेणारी अनेक लहानमोठी राज्ये होती. त्यांतले शेवटचे, ग्वाटेमालातील पेतेन इत्झा सरोवरातल्या बेटावरचे नोहपेतेन, स्पॅनिशांच्या हाती पडले ते १६९७ साली. इंका लोक दक्षिण अमेरिकेतले आणि अझ्टेक मध्य मेक्सिकोतले. या तिघांची सरमिसळ करू नये.

'माया' या नावाचा संस्कृत 'माया' शब्दाशी किंवा मयासुराशी संबंध आहे का?

नाही. समाजमाध्यमांवर हा दावा नेमाने फिरतो, परंतु त्यामागे उच्चारसाम्याखेरीज काहीही नाही. हे नाव युकातानमधील असून मायापान या नगराच्या नावाशी ते जोडले जाते. टिकाल किंवा पालेंके या जुन्या माया नगरांचे रहिवासी स्वतःला या एका नावाने ओळखत होते असेही नाही. माया भाषांचे कूळ स्वतंत्र आहे, आणि त्या प्रदेशातील कोणत्याही उत्खननात भारतीय संपर्काचा पुरावा मिळालेला नाही.

लायडार म्हणजे काय, आणि त्यामुळे एवढा फरक का पडला?

विमानातून जमिनीकडे दर सेकंदाला लाखो लेसर किरण सोडले जातात. बहुतेक किरण पानांवर आदळून परततात, पण थोडे फांद्यांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचतात. परत येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढता येते, आणि झाडांवरून परतलेली नोंद गणनेत वगळली की उघड्या जमिनीचा उंचसखल नकाशा उरतो. त्यावर चौथरे, पिरॅमिड, रस्ते, तलाव, तटबंदी, इतकेच नव्हे तर शेताच्या पायऱ्यासुद्धा दिसतात.

हे तंत्र माया प्रदेशात मोठ्या प्रमाणावर प्रथम वापरले गेले ते बेलीझमधील काराकोल येथे, २००९ साली. आर्लेन आणि डायेन चेस हे पुरातत्त्वज्ञ दांपत्य तेथे १९८५ पासून काम करत होते. पंचवीस वर्षांत झाडी तोडत, पायी फिरत त्यांनी सुमारे २३ चौरस किलोमीटरचा नकाशा केला होता. विमानाने काही दिवसांत २०० चौरस किलोमीटर मोजले. पुढे २०१८ मध्ये ग्वाटेमालाच्या उत्तर भागातील दोन हजारांहून अधिक चौरस किलोमीटरच्या पाहणीतून ६१,४८० बांधकामे नोंदली गेली. त्यावरून अभिजात काळाच्या उत्तरार्धात मध्यवर्ती निम्नभूमीची लोकसंख्या ७० लाख ते १ कोटी १० लाख असावी असा अंदाज मांडला गेला, आणि २०२५ च्या नव्या अभ्यासाने वरची मर्यादा १ कोटी ६० लाखांपर्यंत नेली. हे अंदाज आहेत, शिरगणती नव्हे. किती घरे एकाच वेळी वसलेली होती आणि एका घरात किती माणसे राहत होती, या दोन गृहीतकांवर सारा आकडा उभा असतो.

लायडारला काळ दिसत नाही. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन चौथऱ्यांमध्ये हजार वर्षांचे अंतर असू शकते, आणि ते कळायला खापरे व कोळसाच लागतो. चौथऱ्याविना थेट जमिनीवर बांधलेली, कुडाच्या भिंतींची गरीब माणसाची झोपडीही या नकाशावर उमटत नाही.

वालेरियाना हे शहर म्हणे इंटरनेटवर सापडले. हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. २०१३ मध्ये मेक्सिकोतील जंगलांत किती कार्बन साठला आहे हे मोजण्यासाठी एका पर्यावरण प्रकल्पाने कांपेचे राज्याच्या काही पट्ट्यांची लायडार पाहणी केली होती. पाहणीचा हेतू झाडे मोजण्याचा असल्यामुळे झाडांखाली काय आहे याकडे कोणी पाहिले नव्हते. टुलेन विद्यापीठात संशोधन करणाऱ्या ल्यूक ऑल्ड-थॉमस यांना ही माहिती गूगलवर शोध घेताना सोळाव्या पानावर कुठेतरी आढळली. त्यांनी ती पुरातत्त्वाच्या पद्धतीने तपासली, तेव्हा सुमारे १२२ चौरस किलोमीटर क्षेत्रात ६,७६४ बांधकामे दिसली आणि त्यांत पिरॅमिड, चौक, चेंडूचे क्रीडांगण व जलाशय असलेले एक मोठे नगर होते. जवळच्या सरोवरावरून त्याला वालेरियाना हे नाव देण्यात आले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले.

बातम्यांमध्ये शोधपानाच्या क्रमांकाचीच चर्चा अधिक झाली. मला त्याहून लक्षणीय वाटते ती गोष्ट अशी की या पट्ट्या पुरातत्त्वज्ञांनी निवडलेल्या नव्हत्या. अवशेष असतील तेथेच पाहणी करायची आणि मग सगळीकडे अवशेष आहेत असे म्हणायचे, हा दोष येथे आपोआप टळला, आणि तरीही वस्ती दाटच निघाली. मोठा महामार्ग आणि गावे या नगरापासून फार दूर नाहीत.

मग ही शहरे खरोखर 'हरवलेली' होती का?

कोणाला हरवलेली, हे आधी विचारावे लागते. शास्त्रीय नोंदीत ती नव्हती, एवढेच खात्रीने म्हणता येते. २०२३ मध्ये कांपेचेतील बालामकू अभयारण्यात पुरातत्त्वज्ञ इव्हान श्प्राइत्स यांच्या पथकाला ओकोमतुन हे नगर मिळाले. युकातेक माया भाषेत या नावाचा अर्थ 'दगडी खांब'. तेथे खरोखरच दीर्घकाळ कोणी गेलेले नसावे, पण अनेक स्थळे गावकऱ्यांना, शिकाऱ्यांना आणि चीक काढणाऱ्यांना ठाऊक असतातच.

हा चीक म्हणजे चिकूच्या झाडाचा. आपल्या डहाणू-घोलवडच्या वाड्यांतला चिकू मूळचा याच प्रदेशातला. त्याच्या खोडाला तिरके काप देऊन काढलेल्या चिकापासून च्युइंगम बनवले जाई, आणि तो गोळा करणारे मजूर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महिनोन्‌महिने जंगलात राहत. सिल्वेनस मॉर्ली या अमेरिकी अभ्यासकाने कोरीव लेख असलेले अवशेष दाखवणाऱ्या मजुरांना चक्क बक्षीस ठेवले होते, आणि वाशाक्तुन या स्थळाची नोंद १९१६ मध्ये त्यातूनच झाली. कालाकमुल हे प्रचंड नगर १९३१ मध्ये नोंदवणारा सायरस लंडेल हा मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि त्या वेळी तो चीक-उद्योगातील कंपनीसाठी काम करत होता. इतिहासात नावे मॉर्लीची आणि लंडेलची राहिली, वाट दाखवणाऱ्यांची राहिली नाहीत.

आगुआदा फेनिक्सला इतके महत्त्व का दिले जाते?

कारण आधीचा क्रमच त्याने उलटा केला. आधी शेती, मग गावे, मग राजे आणि राजांच्या आज्ञेने भव्य बांधकामे, अशी मांडणी पाठ्यपुस्तकांत असे. मेक्सिकोतील ताबास्को राज्यातील या स्थळी पुरातत्त्वज्ञ ताकेशी इनोमाता, डॅनिएला ट्रियाडान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुमारे १,४०० मीटर लांब, ४०० मीटर रुंद आणि १० ते १५ मीटर उंच असा मातीचा चौथरा आढळला. इ.स.पू. १००० ते ८०० या काळातील हे बांधकाम माया प्रदेशातील आजवरचे सर्वांत प्राचीन भव्य स्मारक आहे. हा चौथरा इतका विस्तीर्ण आहे की वर उभे राहिल्यास साधे माळरान वाटावे, म्हणूनच माणसे त्यावर गुरे चारत होती तरी त्याचा आकार कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

या ठिकाणी राजवाडा नाही, राजाची समाधी नाही आणि सत्ताधीशाचे शिल्पही मिळालेले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार स्थळाच्या मध्यभागी क्रूसाच्या आकाराचा खड्डा होता. त्यात उत्तरेला निळे, पूर्वेला हिरवे आणि दक्षिणेला पिवळसर रंगद्रव्य ठेवलेले होते. दिशांना रंग नेमून देण्याची प्रथा नंतरच्या माया परंपरेतून माहीत होती, आता तिचा धागा जवळजवळ तीन हजार वर्षे मागे जातो. संशोधकांचे म्हणणे असे की लोक येथे ऋतुपरत्वे जमत आणि स्वेच्छेने श्रम करत. 'स्वेच्छेने' या शब्दाबाबत मी थोडा सावध राहीन, कारण सक्तीचा पुरावा न मिळणे आणि सक्ती नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काराकोल येथे २०२५ मध्ये सापडलेली राजसमाधी कोणाची?

ते काब चाक या राजाची. तो इ.स. ३३१ मध्ये गादीवर आला आणि काराकोलच्या राजघराण्याचा संस्थापक मानला जातो. जेड दगडाच्या तुकड्यांचा मृत्युमुखवटा, अकरा मातीची भांडी, कोरीव अस्थिनळ्या आणि पॅसिफिक किनाऱ्यावरचे शिंपले त्याच्यासोबत ठेवलेले होते. मृत्यूसमयी तो वृद्ध होता आणि त्याच्या तोंडात एकही दात उरलेला नव्हता. ज्या स्थळी चेस दांपत्याने चाळीस वर्षे घालवली तेथे नाव माहीत असलेल्या राजाची ओळख पटण्यासारखी ही पहिलीच समाधी होती. लायडारच्या काळातही हा शोध खोऱ्या-कुंच्यानेच लागला, हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

खरी चर्चा मात्र त्याच आवारातील दुसऱ्या एका दफनाची आहे. सुमारे इ.स. ३५० च्या त्या दहनात मध्य मेक्सिकोतील पाचुका येथील हिरवा ज्वालाकाच, म्हणजे ज्वालामुखीतून निघणारी नैसर्गिक काच, मिळाला. पुढचा प्रश्न त्याच्याशीच जोडलेला आहे.

टिकालवर तेओतिवाकानने कब्जा केला होता का?

तेओतिवाकान हे आजच्या मेक्सिको सिटीजवळचे महानगर, टिकालपासून सुमारे १,००० किलोमीटर दूर. माया शिलालेखांनुसार १६ जानेवारी ३७८ रोजी सिह्याज काक नावाचा कोणी पश्चिमेकडून टिकालला 'आला', त्याच दिवशी टिकालचा राजा 'पाण्यात शिरला' म्हणजे मरण पावला, आणि पुढच्या वर्षी नवा राजा गादीवर बसला. याला आक्रमण म्हणावे, सत्तापालट म्हणावा की माया घराण्यांनीच परक्या प्रतिष्ठेचा केलेला वापर, यावर दीर्घकाळ वाद आहे.

टिकालमध्ये ज्याला सर्वजण नैसर्गिक टेकडी समजत होते ते तेओतिवाकानच्या प्रसिद्ध चौकाच्या धर्तीवर बांधलेले आवार आहे, हे लायडारमुळे लक्षात आले. एप्रिल २०२५ मध्ये टिकालमधीलच एक रंगवलेली वेदी जाहीर करण्यात आली. चौथ्या शतकाच्या अखेरीची ही वेदी इतकी तेओतिवाकान शैलीची आहे की ती घडवणारा कारागीर तिकडेच शिकला असावा असे अभ्यासकांना वाटते. तिच्या परिसरात लहान मुलांची दफने आहेत. पुढे ती वेदी बुजवून टाकली गेली आणि त्या जागेवर पुन्हा कोणी बांधकाम केले नाही. शहराच्या ऐन मध्यात जागा अशी मोकळी सोडणे हे विस्मरणाचे लक्षण नाही.

काराकोलचे ते दहन ३७८ च्या आधीचे असल्यामुळे दोन्ही प्रदेशांतील वरिष्ठ वर्गाचे येणेजाणे किमान एक पिढी आधी सुरू होते, असे आता म्हणता येते. ३७८ ची घटना नाकारण्याचे कारण नाही. ती अचानक आभाळातून पडली नव्हती, इतकेच.

माया लिपी वाचता येते का?

बहुतांशी येते. तिच्यात काही चिन्हे पूर्ण शब्दाची आहेत आणि काही व्यंजन व स्वर मिळून होणाऱ्या अक्षराची. जग्वारसाठी 'बालाम' हा शब्द प्राण्याचे डोके काढूनही लिहिता येई किंवा बा-ला-मा अशी तीन अक्षरचिन्हे जुळवूनही, ज्यात शेवटचा स्वर लिहिला जाई पण उच्चारला जात नसे. 'घर' लिहून शेवटचा अकार न उच्चारणाऱ्या मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये. दोन्ही लिप्यांत नाते काहीच नाही, केवळ युक्ती सारखी आहे.

ही उकल १९५२ मध्ये लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोव्ह यांनी सुरू केली, आणि त्यांचा आधार होता सोळाव्या शतकातील दिएगो दे लांदा या पाद्र्याने नोंदवलेली एक सदोष वर्णमाला. याच लांदाने १५६२ मध्ये मानी गावात माया ग्रंथांची होळी केली होती. आज जगात केवळ चार माया पोथ्या शिल्लक आहेत. १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकोफ यांनी पिएद्रास नेग्रास या माया नगरातील स्तंभांवरच्या तारखा माणसाच्या आयुष्यमानात बसतात हे दाखवले, आणि तोवर केवळ खगोल व पूजाविधी मानले जाणारे लेख राजांचे चरित्र ठरले.

२०१२ मध्ये जग बुडणार असे माया लोकांनी खरेच म्हटले होते का?

नाही. दीर्घगणना या एकेक दिवस मोजत जाणाऱ्या माया कालगणनेतील एक मोठे आवर्तन २१ डिसेंबर २०१२ च्या सुमारास पूर्ण झाले, इतकेच. ग्वाटेमालातील शुलतुन येथील नवव्या शतकातील भिंतीवरील खगोलीय आकडेमोड त्या तारखेच्या कितीतरी पुढे जाते. आपली कालगणना आणि माया कालगणना यांचा मेळ बरोबर आहे का, हे टिकालच्या मंदिरातील कोरीव लाकडी तुळईचे कार्बन-कालमापन करून २०१३ मध्ये पडताळले गेले. ती तुळई चिकूच्या लाकडाची आहे. मंदिराच्या दारावर बाराशे वर्षे राहूनही ते लाकूड टिकले.

माया संस्कृती अचानक नष्ट का झाली?

ती अचानक झाली नाही आणि नष्टही झाली नाही. आठव्या ते दहाव्या शतकांत दक्षिणेकडील निम्नभूमीतील नगरे एकेक करून ओस पडली आणि तारखेचे स्तंभ उभारणे थांबले. उत्तरेत चिचेन इत्झा आणि नंतर मायापान भरभराटीला आले.

दुष्काळ हे एक कारण होते यात शंका उरलेली नाही. युकातानमधील एका गुहेतल्या चुनखडीच्या ऊर्ध्वमुखी (तळातून वर वाढणाऱ्या) स्तंभाच्या अभ्यासातून २०२५ मध्ये असे दिसले की इ.स. ८७१ ते १०२१ दरम्यान पावसाळाच कोरडा जाण्याचे आठ दीर्घ दुष्काळ पडले, आणि त्यांतला एक तब्बल तेरा वर्षांचा होता. या प्रदेशात नद्या कमी आहेत, पाणी चुनखडीत मुरून जाते, म्हणून नगरे पावसाळ्यात भरलेल्या तलावांवर जगत. टिकालच्या एका तलावात पाणी गाळण्यासाठी दुरून आणलेले झिओलाइट हे खनिज आणि स्फटिकांची वाळू वापरल्याचा पुरावा आहे. इतकी काळजी घेणारा समाजसुद्धा सलग तेरा वर्षे कशी काढणार?

तरीही सगळा भार पावसावर टाकणे सोपे असले तरी पुरेसे नाही. ग्वाटेमालातील उकानाल येथे नवव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या राजांच्या अस्थी आणि दागिने समाधीतून काढून जाळण्यात आले आणि ती राख बांधकामाच्या भरावात टाकण्यात आली. त्यानंतर तेथे पापमालिल नावाच्या वेगळ्याच धाटणीच्या शासकाचा काळ येतो आणि नगर काही पिढ्या चांगले चालते. राजघराणी बुडणे आणि समाज बुडणे यांत अंतर असते.

चिचेन इत्झा येथे कुमारिकांचा बळी दिला जात असे का?

ही समजूत जुनी आणि चुकीची आहे. तेथील पाण्याने भरलेल्या पवित्र विवराजवळच्या एका भूमिगत टाक्यात १९६७ मध्ये शंभराहून अधिक मुलांचे अवशेष सापडले होते. त्यांपैकी ६४ जणांच्या डीएनएचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वच्या सर्व मुलगे निघाले, त्यांतले अनेक एकमेकांचे जवळचे नातेवाईक होते आणि दोन जोड्या एकसारख्या जुळ्यांच्या होत्या. माया पुराणकथेत पाताळात उतरणारे जुळे वीर येतात, त्यामुळे हा योगायोग मानणे कठीण आहे. तेच नमुने शेजारच्या गावातील आजच्या रहिवाशांशी ताडले असता वंशसातत्यही स्पष्ट झाले.

सामान्य माणसांविषयी काही कळते का?

सर्वांत जास्त एल साल्वादोरमधील होया दे सेरेन येथे कळते. सातव्या शतकात जवळच्या ज्वालामुखीच्या राखेने हे शेतकऱ्यांचे गाव झाकले गेले. माणसे वेळीच पळाली असावीत, कारण घरांत मृतदेह मिळाले नाहीत, पण मडक्यांत घेवड्याच्या बिया, तुळईत खोचलेली धारदार पाती आणि मक्याच्या रोपांचे ठसे जागच्या जागी राहिले. हे स्थळ १९७६ मध्ये बुलडोझरच्या कामात उघडे पडले.

माया लोक आज कुठे आहेत?

तेथेच. एकट्या ग्वाटेमालात अधिकृत मान्यता असलेल्या माया भाषांची संख्या २२ आहे, आणि लक्षावधी लोक घरी त्याच बोलतात. उत्खननांवर काम करणाऱ्यांतही ते असतात, आता केवळ मजूर म्हणून नव्हे तर अभ्यासक म्हणूनही.

पाहायला जायचे असल्यास कोणते स्थळ निवडावे?

लेख आणि शिल्पे पाहायची असतील तर होन्डुरासमधील कोपान, जिथल्या एकाच जिन्यावर दोन हजारांहून अधिक चिन्हे कोरलेली आहेत. जंगल आणि उंची हवी असेल तर टिकाल, पहाटे माकडांची डरकाळी ऐकण्याची तयारी ठेवून. पालेंके येथे पाकाल राजाची समाधी १९५२ मध्ये पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुस यांनी शोधली, पण मंदिराच्या पोटातील खोलीत आता सर्वसाधारण पर्यटकांना जाता येत नाही, आणि चिचेन इत्झाच्या पिरॅमिडवर चढणेही बंद आहे. नोव्हेंबर ते एप्रिल हे कोरडे महिने सोयीचे. ओकोमतुन आणि वालेरियानाला जाण्याची व्यवस्था नाही, आणि लुटारूंचा उपद्रव लक्षात घेता नव्या स्थळांचे नेमके ठिकाण संशोधक बऱ्याचदा जाहीरही करत नाहीत.